नावेची हाक

नदी आटली तेव्हा नावाड्याने नाव काठावर ओढून पालथी घातली, वल्ही घरात तुळईला टांगली आणि तो बायकोला घेऊन शहरात बांधकामावर निघून गेला. मुलगी शाळेत शिकत होती, म्हणून तिला चुलत्याकडे ठेवली.

शाळा नदीपलीकडे होती. पाणी असताना तिथं जायची रीत ठरलेली होती. काठावर उभं राहून हाक द्यायची. पलीकडून नावाड्याचं उत्तर आलं की समजायचं, त्याने ऐकलं, नाव सुटली. उत्तर येईपर्यंत काठ सोडायचा नाही. मुलं नावेत बसली की नावाड्याची, उतरली की मास्तरांची. कुणाचीच नाहीत अशी मधे जागाच नव्हती.

आता ती जागा तयार झाली होती. पाऊण किलोमीटर रुंद वाळू, दगड, झुडपं, पंपाची बंद पडलेली खोली, आणि थंडी संपल्यापासून वाळू भरणारे ट्रक. दिवसाला चौदा ट्रक, प्रत्येकावर ड्रायव्हर आणि तीन माणसं. पलीकडे जाणाऱ्या मुली अकरा होत्या. मुलगे बरेच होते, पण त्यांच्या वाटेला कुणी जात नव्हतं.

आधी शिट्ट्या झाल्या. मग एकाने शिंप्याच्या मुलीचं दप्तर ओढून ट्रकवर फेकलं आणि म्हणाला, वर येऊन घे. दप्तर दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आणून दिलं. परीक्षेचे चार दिवस उरले होते. ते चारही दिवस मास्तर मुलींच्या पुढे चालत गेले आणि मागे चालत आले. मग सुट्टी लागली.

अकरांतल्या एकीच्या बापाने, गिरणीच्या रखवालदाराने, त्याच संध्याकाळी विषय संपवला.

तो सूतगिरणीत रात्रपाळीला होता. सकाळी सातला यायचा, आठला झोपायचा, चारला उठायचा. घर म्हणजे काठापासून तिसरं, एक खोली आणि मागे अंगण. झोपताना खिडकीला पोतं, दाराला कडी, कानांवरून फडकं. एवढं करूनही ताटलीवर चमचा वाजला तरी त्याला जाग यायची. धाकटी तान्ही असताना तिच्या रडण्याने पाच दिवस त्याची झोप झाली नाही. सहाव्या रात्री फाटकावर त्याचा डोळा लागला आणि मागच्या भिंतीवरून सुताच्या गाठी गेल्या. नोकरी कशीबशी वाचली. तेव्हापासून घराने आवाज करणं सोडलं. भांडी गोणपाटावर ठेवायची. बिजागरीला तेल. कोंबडा एकदा आणला होता, तो तीन दिवसांत परत गेला. शिंक आली की मुली अंगणाबाहेर पळायच्या, आणि पळणं जमलं नाही तर तळहाताने तोंड दाबायच्या. थोरली चौदा वर्षांची, धाकटी आठ; तिची शाळा अलीकडच्याच काठावर होती. शेजारी या घराला मुक्यांचं घर म्हणत.

"पुढच्या वर्षी शाळा नाही," रखवालदार म्हणाला. जेवून तो काठीला तेल लावत बसला होता. "नदीला पाणी आलं तर बघू."

"नाही आलं तर?" बायकोने विचारलं.

"तर बसेल घरी. कामं काय कमी आहेत?"

"दोन वर्षं राहिलीत तिची."

"दोन वर्षं आणि पाऊण किलोमीटर. मी जाऊ सोबत? मग झोपू कधी?"

"तुम्ही जा असं कुठं म्हणते मी."

"तू जाशील? मग पोती कोण उचलेल?"

थोरली भांडी पुसत होती. पुसून झालेलं भांडं तिने पुन्हा पुसायला घेतलं.

"शाळा उघडायला किती दिवस आहेत गं?" आईने विचारलं.

"बावन्न," थोरली लगेच म्हणाली.

"बावन्न दिवस मला द्या," बायको नवऱ्याला म्हणाली. "मग काय ते ठरवा."

"बावन्न दिवसांत नदी भरतेस की काय?"

"पोरींना पडायला शिकवते."

रखवालदाराला हसू आलं. "पडायला? ते तर येतंच की सगळ्यांना," तो म्हणाला, आणि काठी खांद्यावर टाकून कामावर गेला.

बायको धान्याच्या गोदामात हमाल होती. सकाळी सहा ते दुपारी दोन. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून चढायचं, थप्पीवर टाकायचं, परत यायचं. नऊ बायकांत ती सगळ्यात बारकी होती आणि नऊ जणींत फक्त तिचीच कंबर कधी धरली नव्हती. मानेखाली तळहाताएवढी कातडी चामड्यासारखी झाली होती.

तिचे वडील मुलांना कुस्ती आणि काठी शिकवत. जोड्या लावताना एकदा एक मुलगा कमी पडला, म्हणून त्यांनी सहा वर्षांच्या मुलीला पुढे केलं. लग्न होईपर्यंत, तेरा वर्षं, ती त्या जागेवर राहिली. मुलं डाव टाकत, ती पडत असे. वडिलांची अट एकच होती. ओरडलीस तर बाहेर.

"मला कुणी शिकवलं नाही," पहिल्या दिवशी ती अकरा मुलींना म्हणाली. "माझ्यावर शिकले."

हे ती कुजबुजत म्हणाली, कारण भिंतीपलीकडे नवरा झोपला होता. वेळ दुपारी तीनची. दोनला ती गोदामातून येई, चारला तो उठे, त्यानंतर तिला चूल आणि मुलींना आपापल्या घरची कामं. बाहेर कुठं शिकवायचं तर बघे जमले असते. म्हणून हे अंगण आणि हीच वेळ.

तिने ओठांवर बोट ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि धुण्याच्या दगडाकडे पाठ करून उभी राहिली. मग पडली. पाठीमागे, उभीच्या उभी. मुलींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती दगडापलीकडे उभी होती, केसांना माती होती आणि कसलाही आवाज झाला नव्हता. पाण्याचा तांब्या दगडाच्या कडेवर होता तसाच होता.

नावाड्याच्या मुलीने तांब्या उचलून त्यात पाणी आहे का ते पाहिलं. काठोकाठ होतं.

"परत," ती म्हणाली. तिचं कुजबुजणंही दोन घरं जात असे.

तीन आठवडे फक्त पडणं झालं. हनुवटी छातीला, पाठ गोल, श्वास बाहेर. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने, मग धक्का खाऊन. मुली तिला काकू म्हणत. काकू बोटांनी आकडे दाखवायची, चुकलेल्या जागेवर बोट टेकवायची. कानाला काही ऐकू आलं तर पडणं चुकलं, हा नियम. हाड आपटलं की आवाज होतो. आवाज नाही म्हणजे हाड सुखरूप. नियम खरा होता, म्हणून कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

"काकू, मारायचं कधी?" नावाड्याच्या मुलीने विचारलं.

"पडायची भीती गेली की."

"आणि पडल्यावर?"

"उठायचं."

"उठल्यावर?"

"पळायचं."

"मग मारायचं कधी?"

"पळता आलं नाही तर."

"म्हणजे माझा नंबर लागतच नाही," ती म्हणाली. मुली खांदे हलवत हसल्या. कोपऱ्यात बसलेली धाकटी दोन्ही हातांनी तोंड दाबून हसली.

चौथ्या दिवशी नावाड्याची मुलगी पडताना "आई गं!" म्हणाली. आत बाज करकरली. अकरा मुली होत्या त्या स्थितीत थांबल्या, एक जण एका पायावर. आतलं घोरणं परत सुरू झालं तेव्हाच तो दुसरा पाय खाली आला. त्या दिवसापासून नावाड्याची मुलगी तोंडात रुमाल कोंबून येऊ लागली.

गोदामात बातमी गेली होती. मुकादम फळीच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "काय गं, पोरींना पहिलवान करतेस म्हणे? मला पाडून दाखव बरं."

तिच्या पाठीवर पोतं होतं. "खाली ठेवू द्या," ती म्हणाली.

लोक हसले. कुणावर हसले ते मुकादमाला नीट कळलं नाही. त्याने तिला आठवडाभर सगळ्यात वरच्या थरावर लावलं. तिथं पत्रा डोक्याला टेकत होता आणि उन्हाने तापलेला असे. ती दोनला घरी यायची, घागरभर पाणी डोक्यावर ओतायची, आणि तीनला अंगणात उभी असायची.

चौथ्या आठवड्यात हात आले. "पकडीत चार बोटं एका बाजूला असतात, अंगठा एकटा असतो," ती सांगायची. "कितीही मोठा माणूस असू दे, अंगठा एकटाच. जोर तिकडे." तिने आपलं मनगट मुलींच्या हातात दिलं. मग त्यांची मनगटं आपल्या हातात घेतली. ते हात पोती धरणारे होते. पहिल्या दिवशी कुणीच सुटलं नाही. आठव्या दिवशी शिंप्याची मुलगी सुटली आणि आपल्याच मनगटाकडे बघत राहिली, जणू ते आज पहिल्यांदा दिसलं.

पस्तिसाव्या दिवशी काकूने एक बोट वर केलं आणि खाली आणलं. अकराच्या अकरा मुली एकदम मागे पडल्या, खांद्यावरून फिरल्या आणि उभ्या राहिल्या. अंगणात गुडघ्यापर्यंत धूळ उठली. भिंतीवर कावळा बसला होता, तो उडाला नाही. काकूला आपल्या वडिलांचा आखाडा आठवला, वीस मुलगे, त्यांचे हुंकार, मांड्यांवरच्या थापा. असं तिथं तिने कधी पाहिलं नव्हतं. मग खाली बसून तिने पायातला काटा काढल्यासारखं केलं.

अडतिसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला थोरली आणि धाकटी पाण्याला गेल्या. विहीर तळाला लागली होती. नदीच्या वाळूत खड्डा खोदून बायका वाटीवाटीने घागरी भरत. खड्ड्याच्या अलीकडे, वीस पावलांवर, ट्रकवाल्यांनी वाळूचा डोंगर केला होता. वाट त्याच्या मागून होती. पलीकडे नऊ बायका बसल्या होत्या. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

ट्रकवरचा एक माणूस ढिगाला टेकून बसला होता. त्याने थोरलीचं मनगट धरलं.

थोरलीने मनगट अंगठ्याकडे फिरवलं आणि सोडवलं. त्याने खांद्याला धक्का दिला. ती पडली, फिरली, उठली. पळाली. सगळं शिकवलं तसं. दहा पावलांवर तिच्या लक्षात आलं की धाकटी मागेच आहे. माणसाने आता धाकटीचा दंड धरला होता. धाकटीने हातातली घागर टाकली नव्हती. दुसऱ्या हाताने तिने आपलं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

थोरली परत आली. तिने आपली पडलेली घागर उचलून त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर घातली, एकदा, आणि परत एकदा. तो खाली बसला. ती धाकटीला ओढत ढिगाला वळसा घालून बायकांपर्यंत आली आणि रांगेत उभी राहिली. कुणी मागे वळून पाहिलं नाही. एक बाई म्हणाली, "घागर चेपली की गं. सांभाळून आणावी." त्यांनी घागरी भरून घेतल्या आणि बायकांच्या सोबतीने घरी आल्या.

आई दोनला आली. तिने थोरलीचं सोललेलं कोपर पाहिलं, मग घागर पाहिली, मग धाकटीच्या दंडावरची चार बोटं आणि एक अंगठा पाहिला. थोरलीने हळू आवाजात सगळं सांगितलं. आईने दोघींना चाचपून पाहिलं, गळ्यापासून घोट्यापर्यंत, गोदामात फाटलेलं पोतं तपासतात तसं.

"पलीकडे बायका होत्या?"

"नऊ."

"मग ओरडली का नाहीस?"

थोरलीला प्रश्न कळला नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"अगं, हाक का नाही मारलीस?"

"बाबा झोपले होते ना," थोरली म्हणाली.

आई जमिनीवर बसली. धाकटी म्हणाली, "मी पण नाही ओरडले, आई." शाबासकी मिळेल असं तिला वाटलं होतं.

बाज करकरली नाही. पण फडक्याचा पीळ सुटल्याची सळसळ झाली. रखवालदार उठून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने फडक्याची घडी घालून उशाशी ठेवली. मग उठला, सदरा घातला, काठी घेतली आणि नदीत गेला.

वाळूच्या मुकादमाची खोली पत्र्याची होती. रखवालदाराला त्याने बस म्हटलं नाही. ज्याने हात धरला तो बाहेर बाकावर पाय लांब करून बसला होता. घसरून पडलो, म्हणत होता.

"कुणी पाहिलं?" मुकादमाने विचारलं.

"माझ्या मुली सांगतात."

"पलीकडे एवढ्या बायका होत्या. कुणी ऐकलं?"

रखवालदार उभा होता.

"ओरडली का?" मुकादम म्हणाला. "पोरीचा हात धरला तर पोर ओरडते. गाव गोळा करते. तुमची ओरडली नाही. मग आम्ही काय समजायचं?"

बाहेर कुणीतरी हसलं. रखवालदाराने काठी या हातातून त्या हातात घेतली. बावीस वर्षं त्याने फाटकावर लोकांना हटकलं होतं, त्याच्या आवाजाने भिंतीवर चढलेले लोक खाली उतरले होते. इथं तो वळला आणि घराकडे निघाला.

तो घरी आला तेव्हा सहा वाजले होते. पाळीला जायला तासभर होता.

"तू शिकवलंस ते बरोबर होतं," तो बायकोला म्हणाला. "माझं चुकलं."

"कशात?"

"झोपेत."

तिने चहा त्याच्या पुढे ठेवला, गोणपाटावर.

"उद्यापासून पाच वाजता पोरींना नदीत आण," तो म्हणाला. "आवाज मी बघतो. आणि ऐक गं," तो थोरलीला म्हणाला, "शाळा उघडेल त्या दिवशी मी पाळीवरून येऊन झोपेन. खिडकीला पोतं असेल, दाराला कडी असेल, कानाला फडकं असेल. तुम्ही पलीकडच्या काठावर जायचं आणि मला उठवायचं. मी उठलो तर शाळा. नाही उठलो तर परत यायचं, आणि परत विचारायचं नाही."

"पाऊण किलोमीटरवरून?" बायको म्हणाली. "अहो, काहीतरीच काय."

"मला ऐकू आलं तर मधल्या कुणालाही येईल."

"ठरलं तर ठरलं," बायको म्हणाली. "पण लबाडी करायची नाही. जागं पडून राहायचं नाही."

"बारा तास उभं राहून आलेला माणूस जागा कसा राहील?"

दुसऱ्या दिवशी अकरा मुली वाळूत ओळीने उभ्या राहिल्या. रखवालदार पन्नास पावलं लांब गेला आणि म्हणाला, "हं."

जे आलं ते मांजराच्या पिलांचं होतं. थोरलीच्या तोंडातून तर काहीच आलं नाही. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि तळहात आपोआप तोंडाकडे निघाला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

रखवालदार जवळ आला. त्याला शिकवायची सवय नव्हती. तो फाटकावर बोलायचा तसाच बोलला, तुटक. "गळ्यातून नाही. गळा तासाभरात बसतो. इथून." त्याने बेंबीखाली मूठ ठेवली. "किंकाळी वर जाते. हाक पुढे जाते. कुठं पाठवायची ते आधी बघा. ते झाड. त्या झाडाच्या बुंध्याला धडकली पाहिजे." मग त्याने स्वतः दिली. गिरणीच्या फाटकावरची ती हाक त्याच्या घरात कुणी कधी ऐकली नव्हती. थोरलीला ती पायांतून आत आल्यासारखी वाटली. पंपाच्या खोलीतली पाखरं बाहेर पडली. धाकटी आईच्या मागे लपली आणि मग डोकं काढून वडिलांकडे बघत राहिली. हाच माणूस रोज आपल्या घरात झोपतो, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

"काय ओरडायचं पण?" शिंप्याच्या मुलीने विचारलं. "वाचवा म्हणायचं?"

"मोठा शब्द वाऱ्यात फुटतो."

तेव्हा नावाड्याच्या मुलीने तोंडातला रुमाल काढला. सवयीने ती आजही तो घेऊन आली होती. "काका, नावेची हाक देऊ?"

"दे."

तिने पाय रोवले आणि दिली. "ओऽऽ हो!" पहिला स्वर लांब, दुसरा तोडलेला. लहानपणापासून वडिलांना पलीकडून बोलावताना ती हेच करत आली होती. हाक वाळूवरून सरळ गेली आणि पलीकडच्या दरडीवर आपटून परत आली.

रखवालदार तिच्याकडे बघत राहिला. "तू तीस दिवस रुमाल कोंबून होतीस?"

"पस्तीस," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

चौदा दिवस तेच चाललं. पन्नास पावलं, शंभर, दोनशे. काकू पाडायची, मुली पडताना हाक द्यायच्या. मनगट धरायची, सोडवताना हाक. श्वास तोच, फक्त आता त्याला वाट होती. रखवालदार लांब उभा राहून एकच वाक्य म्हणायचा: "ऐकू नाही आलं. परत." थोरलीचा आवाज नवव्या दिवशी आला. फाटका आला, मधेच तुटला, पण आला. ती स्वतःच दचकली आणि घराच्या दिशेने बघू लागली, कुणी उठलं का.

"मी इथं आहे," रखवालदार म्हणाला. "परत."

ट्रकवाले सुरुवातीला नक्कल करायचे. बाराव्या दिवशी त्यांनी ती बंद केली.

शाळा उघडली त्या सकाळी रखवालदार सातला आला. भाकरी खाल्ली, खिडकीला पोतं लावलं, कानाला फडकं बांधलं, दोन वेढे. आठला बाजेवर पडला. बायकोने पहिल्यांदाच गोदामात अर्धी रजा घेतली होती. ती दाराच्या आत भिंतीला टेकून बसली. धाकटी तिच्या शेजारी. साडेआठला त्याचं घोरणं सुरू झालं. ते खरं घोरणं होतं, तिला सतरा वर्षांची ओळख होती.

नऊला अकरा मुली काठ उतरल्या. दाराच्या फटीतून त्या वाळूवर बारीक होत जाताना दिसल्या. ट्रकच्या रांगेपाशी त्या थांबल्या नाहीत आणि वेगातही गेल्या नाहीत. कुणीतरी फावडं टेकवून त्यांच्याकडे बघितलं. त्या गेल्या. पलीकडच्या दरडीवर अकरा ठिपके चढले. ओळ झाली.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं, एक हात बाजेखाली लोंबत होता. तिला वाटलं, नाहीच जमणार. माणूस दमलाय.

हाक आली.

आधी ती हाक आहे हेच तिला कळलं नाही. अकरा गळ्यांची ती एकच वस्तू होती, लांबून येणारी, जमिनीलगत, भिंतीला लागून आत आली आणि गोणपाटावरच्या ताटल्या एकमेकींवर बारीक वाजल्या. धाकटीने आईचा हात धरला. बायको वळली तर बाज रिकामी होती. रखवालदार कडी काढत होता. डोळे अजून मिटल्यासारखेच होते, फडकं एका कानावर होतं, पण हातात काठी होती आणि पाय उंबऱ्याबाहेर होते. अंग आधी उठलं होतं, तो मागून उठत होता.

तो अनवाणी काठापर्यंत पळत गेला. मागे बायको, तिच्या पुढे धाकटी.

काठावर आल्यावर तो थांबला. फक्त तोच उठला नव्हता. डावीकडच्या वीटभट्टीवर माणसं उभी राहिली होती, हातात विटा तशाच. शेतात वाकलेल्या बायका सरळ झाल्या होत्या. शिंपी गळ्यात टेप घेऊन रस्त्यावर आला होता. खड्ड्यापाशी नऊ-दहा जणी घागरी सोडून पलीकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि त्यांतल्या दोघी चालू लागल्याही होत्या, तिकडेच. नदीत चौदा ट्रक होते आणि एकाही ट्रकजवळ फावडं हलत नव्हतं. वाळूचा मुकादम खोलीबाहेर येऊन उभा होता.

"काय झालं?" भट्टीवरून कुणीतरी ओरडून विचारलं. "काय झालं हो?"

रखवालदाराने हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा. "काही नाही," तो म्हणाला, पण ते जवळच्यांनाच ऐकू गेलं. "पोरी शाळेला चालल्यात."

पलीकडे ओळ तशीच उभी होती. मुली हलत नव्हत्या.

"जात का नाहीत?" तो म्हणाला.

"उत्तर आलं नाही ना त्यांना," बायको म्हणाली. "उत्तर आल्याशिवाय काठ सोडत नाहीत."

रखवालदाराने पाय रोवले. बेंबीखाली मूठ ठेवली, तोंड उघडलं. आवाज आला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. त्याने परत श्वास घेतला, परत तोंड उघडलं, आणि नुसताच पलीकडे बघत राहिला.

तेव्हा धाकटीने आईचा हात सोडला. ती दोन पावलं पुढे गेली, वाळूत पाय रुतवले, झाडाचा बुंधा शोधला, आणि दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवून जेवढं अंग होतं तेवढ्याने उत्तर दिलं.

पलीकडची ओळ वळली आणि दरडीमागे शाळेकडे उतरली.